कयाक ठेवायची कुठे?

१२ मे

एकतीस वर्षं मी मिनेसोटात काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बर्फ सारण्याचा ट्रक चालवला आणि रोज पाळी संपली की वहीत नोंद केली: किती मैल, वारा कुठून, काय मोडलं. निवृत्त झालो तशी वही सुटली. काल आर्डिसने ही कोरी वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "व्हर्लिन, बोलत तर नाहीसच, निदान लिहीत तरी जा." बायकोचं ऐकावं म्हणून लिहितो आहे.

मैल: शून्य. वारा: वायव्येचा, ताशी आठ. मोडलेलं: अजून काही नाही.

कॅम्पर अंगणात उभा आहे. बत्तीस फुटांचं घर. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं. त्याची मान पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर बसते, म्हणून ओढायला लोण्यासारखा. अशा कॅम्परला 'पाचवं चाक' म्हणतात. दोष एकच. हौदा मानेनेच भरतो, तिथे दुसरं काही ठेवता येत नाही. हा दोष आहे हे परवा दुपारपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

परवा दुपारी आर्डिसने कयाक आणली, म्हणजे वल्हवायची होडी.

आमचं ठरलंय ते असं. सहा आठवडे फिरून बघायचं. तिला मानवलं तर चार जुलैनंतर घर विकून आम्ही रस्त्यावरच राहणार. नाही मानवलं तर कॅम्पर विकायचा आणि मी मरेपर्यंत अंगणातलं गवत कापायचं. एकतीस वर्षं तोच बेचाळीस मैलांचा रस्ता जाऊन-येऊन घासला आहे, त्यामुळे मला काय हवंय ते सांगायला नको. मी तिला विचारलं होतं, तुझी काही अट? ती म्हणाली, "जिथे मुक्काम, तिथे कयाक पाण्यात. बाकी काही नाही." मी 'बरं' म्हणून बसलो. कयाक तेव्हा बघितली नव्हती.

चौदा फूट लांब, तीन फूट रुंद, नव्वद पौंड वजन, रंग पिवळाधमक. आणि दोन जणांची. एकट्या बाईला दोन जागा कशाला? मी विचारलं. म्हणाली, "सामान ठेवायला होईल." तिचं सामान म्हणजे एक सँडविच आणि पाण्याची बाटली.

१९ मे

मैल: २४१. वारा: दक्षिणेचा, बारा. मोडलेलं: कॅम्परचं नाक.

कयाक पिकअपच्या टपावर बांधली होती. सरळ रस्त्यावर काही त्रास नाही. डिझेल भरायला वळलो आणि मागून कडाड् असा आवाज आला. वळताना कॅम्परचं नाक आडवं येतं आणि टपाच्या मागे आलेल्या शेपटीवर आदळतं, हे मला कळायला हवं होतं.

"काही वाजलं का रे?" आर्डिस म्हणाली.

"रस्ता खराब आहे."

"आपण पंपावर उभे आहोत, व्हर्लिन."

कयाकला ओरखडासुद्धा नाही. कॅम्परच्या नाकाला वीतभर तडा. ही वस्तू प्लॅस्टिकची आहे असं म्हणतात, मला विश्वास बसत नाही.

२१ मे

मिसूरीच्या धरणावर मुक्काम. कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी पाच वाजता बाप्ये घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि नवा आलेला गाडी मागे कशी घेतो ते बघतात. नवराबायकोचं भांडण जुंपलं तर फुकटात तमाशा. मी एका दमात जागेवर लावली. खुर्च्यांवरची मंडळी हिरमुसली. मग त्यांना कयाक दिसली आणि सगळे उठून आले. सहा माणसं, सात सल्ले. एकाने सांगितलं, मागच्या शिडीला बांधा. दुसऱ्याने सांगितलं की त्याच्या मेव्हण्याने तसंच केलं होतं आणि शिडीसकट मागची भिंत आयोवात राहिली.

त्यांत टेक्ससचा रॉइस पिकेट म्हणून एक धिप्पाड गृहस्थ. त्याच्या पिकअपमागे ओढायचं काहीच नाही, तो आणि बायको नेल्डा तंबूत झोपतात. तो म्हणाला, "माझी गाडी मोकळी आहे. आपण एकाच दिशेने चाललोय. मी नेतो तुमची कयाक."

"नको, नको," मी म्हटलं.

"अहो, खरंच नेतो."

"उगाच तुम्हाला त्रास."

"बरं मग," तो म्हणाला आणि जेवायला निघून गेला!

दोनदाच विचारलं! दोन वेळा नको म्हणणं म्हणजे नको नसतं, हे साऱ्या जगाला माहीत आहे. तिसऱ्यांदा विचारतात, मग आपण 'तुम्ही एवढं म्हणताय तर' म्हणतो. आर्डिसला सांगितलं तर तीही हबकली. टेक्ससमध्ये आईबाप मुलांना काय शिकवतात कोण जाणे.

तरी माणूस वाईट नाही. नंतर त्याने आम्हाला त्याची राजम्याची उसळ खायला बोलावलं. तोंडातून धूर निघायचा तेवढा बाकी होता. मी सभ्यपणे म्हटलं, "वेगळीच चव आहे हो." आमच्या मिनेसोटात एवढं म्हटल्यावर यजमानीण भांडं उचलून आत नेते आणि आठवडाभर बोलत नाही. याने खूश होऊन आणखी दोन डाव वाढले.

आर्डिस दुपारी तीन तास पाण्यावर होती. मी हिचला, म्हणजे कॅम्पर जोडायच्या खुंटीला, ग्रीस लावलं. परत आली तेव्हा म्हणाली, "पाणी केवढं मोठं आहे, नाही? एकटीला जरा जास्तच." मी माहितीच्या पाटीवर बघून आलो आणि किती लाख एकर आहे ते तिला सांगितलं. ती "हं" म्हणाली.

२६ मे

मैल: १८३, त्यांतला एक उलटा. मोडलेलं: माझी अब्रू.

सहा जणांनी हात लावून कयाक कॅम्परच्या छपरावर चढवली. दृष्ट लागावी अशी बसली. दुपारी एका रेल्वेपुलाशी आलो. पाटीवर लिहिलेलं, उंची तेरा फूट नऊ इंच. असल्या पाट्या मी स्वतः ठोकल्या आहेत. कॅम्पर तेरा फूट. आणि वर ही बया.

वळायला जागा नव्हती, म्हणून मैलभर मागे घ्यावी लागली. आर्डिस वॉकीटॉकी घेऊन मागे चालत होती.

"डावीकडे घे."

"तुझी डावी की माझी?"

"आपल्या दोघांचं तोंड एकीकडेच आहे. एकच डावी आहे."

तासाभरात रस्ता मोकळा केला. मागे तुंबलेल्या अकरा गाड्यांपैकी एकानेही भोंगा वाजवला नाही, उलट प्रत्येकाने हात केला. त्याने जास्त लाज वाटली.

आज पाणी नुसतं तळ्याएवढं होतं. आर्डिस म्हणाली, "इथे कमरेएवढंच आहे म्हणतात." मी म्हटलं, वारा नऊ मैलांचा आहे, अशात कॅम्परपाशी कोणीतरी थांबलेलं बरं. ती एकटी गेली. पाणी गोठलेलं असलं की माझी काही तक्रार नसते. जानेवारीत मी तळ्यावरून पिकअप चालवतो. वितळलेल्या पाण्याचं मात्र मला काही कौतुक नाही. दहा हजार तळ्यांच्या राज्यात राहून हे चारचौघांत बोलायची गोष्ट नव्हे.

३१ मे

आता कयाक घरात, म्हणजे कॅम्परच्या आत आहे. आडवी करून दारातून घालायला चाळीस मिनिटं आणि दोन शेजारी लागले. नाक आमच्या पलंगावर, शेपूट जेवणाच्या टेबलावर. न्हाणीघरात जायचं तर वरून टांग टाकून जावं लागतं. आतलं पाणी पूर्ण काढलं होतं अशी माझी समजूत होती. गादी भिजली. अर्थात माझी बाजू.

आर्डिस म्हणाली, "मागे बसलं की समोर सगळं रिकामं रिकामं दिसतं."

मला एकदम उलगडा झाला. तोल! पुढे वजन नसेल तर नाक वर राहणारच. बर्फाच्या ट्रकमध्ये आम्ही त्यासाठीच वाळू भरायचो.

१ जून

पन्नास पौंडांची वाळूची गोणी आणून पुढच्या जागेवर पट्ट्याने बांधून दिली. आर्डिसने बघितलं. "वाळू," ती म्हणाली. एवढंच. पाण्यात जाण्याआधी तिने गोणी काढून काठावर ठेवली. माझ्याशेजारी.

९ जून

माँटाना. मैल: ३०६. मोडलेलं: शेगडीची मूठ (शेपूट लागून), माझ्या पायाचा अंगठा (नाक लागून).

सुंदर पाणी आहे, पलीकडे डोंगर, त्यांच्या माथ्यावर अजून बर्फ. आणि तीन जागा सोडून रॉइस आणि नेल्डा! मधल्या काळात त्यांनी एकट्याची कयाक घेतली आहे. नऊ फूट, चाळीस पौंड. कॅम्परच्या मागे सहज अडकेल. आणि ते दोघं रोज भांडतात की आज कोण बसणार.

मला सुचलेली गोष्ट वाचणाऱ्यालाही सुचली असेल. चार आठवडे डोकं फोडत होतो आणि उत्तर इतकं सोपं होतं.

जेवताना आर्डिसला चाचपून बघितलं. म्हटलं, लहान, हलकी, एकाच जागेची असली तर? तिने काट्याने ताटातली खिमा-बटाट्याची हॉटडिश उकरली. मग म्हणाली, "वेगळाच विचार आहे."

आवडला म्हणायचा.

१० जून

अदलाबदल झाली! रॉइसने पहिल्याच फटक्याला हो म्हटलं. (त्यांच्यात तीच पद्धत दिसते.) नवी कयाक मागे अशी बसली आहे की जन्मापासून तिथेच असावी. घरात पुन्हा चालता येतं. टेबल टेबलासारखं दिसतं.

आर्डिसला डोळे मिटायला लावून मागे नेलं. तिने बघितलं. नव्या कयाकच्या एकुलत्या एका जागेवरून हात फिरवला.

"छान आहे," ती म्हणाली. "हलकी आहे."

मग आत जाऊन तिने रुबार्बच्या, त्या आंबट लाल देठांच्या, वड्या केल्या. रुबार्बच्या वड्या ती फक्त कोणी वारलं की करते. पण इथे रुबार्ब स्वस्त मिळाला असेल.

पाण्यावर गेली नाही. म्हणाली, खांदा दुखतो.

११ जून

आज आर्डिस म्हणाली, "जेनेलच्या टोमॅटोंचं मनात येतंय." जेनेल आमची मुलगी. तिच्याकडे टोमॅटोची सहा रोपं आहेत.

"काय झालं त्यांना?"

"काही नाही. पण कोणीतरी बघायला हवं. शनिवारी अकराला गावातून बस आहे."

"परत कधी येशील?"

"टोमॅटो तयार व्हायला वेळ लागतो."

सहा रोपांसाठी हजार मैल बसमधून जायचं म्हणजे कमाल आहे. मी समजावून सांगितलं की आता सगळं इतकं छान जमलंय. अडचण होती ती कयाकचीच. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तू फार मेहनत घेतलीस, व्हर्लिन." मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. का ते कळत नाही.

मैल: शून्य. वारा: शून्य. मोडलेलं: काही नाही. तरी झोप येईल असं वाटत नाही.

१२ जून

सकाळी आर्डिस कपडे धुवायच्या खोलीत गेली होती आणि नेल्डा आली. हातात केशरी रंगाचं तरंगण्याचं जाकीट.

"तुमचं विसरलंय. कयाकच्या मागच्या झाकणाच्या कप्प्यात होतं."

"आर्डिसचं असेल."

"आर्डिस त्यात दोनदा मावेल, अहो. आणि नाव लिहिलंय. हे बघा."

कॉलरच्या आत काळ्या शाईने 'व्हर्लिन'. आर्डिसचं अक्षर. ती शाळेत ग्रंथपाल होती, पुस्तकांवर घालायची तसं ठसठशीत. किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. मी माप बघितलं. माझंच.

"ती पाण्यात जायची तेव्हा तुम्ही काय करायचात?" नेल्डाने विचारलं.

"हिचला ग्रीस लावायचो."

"रोज?"

"बहुतेक."

"एका हिचला एवढं ग्रीस लागतं?"

मी किमतीची चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली.

"मला काय, मी परकी बाई," नेल्डा म्हणाली, "पण बायको दोन जणांची नाव घेते, नवऱ्याच्या मापाचं जाकीट घेते, आणि तुम्ही ती नाव देऊन टाकता. आमच्याकडे असल्या माणसाला शहाणा म्हणत नाहीत." आणि जाकीट माझ्या मांडीवर टाकून गेली.

त्या वाळूच्या गोणीची आठवण झाली आणि लाजेने कानापर्यंत लाल झालो. तिने एकदा नाही, पाच-सहा वेळा विचारलं होतं. आणि मी एकर मोजून सांगत होतो.

जाकीट पायरीवर ठेवून रॉइसकडे गेलो. तो अंडी तळत होता.

"नवी कयाक कशी काय?" मी म्हटलं.

"झकास!"

"जड पडत असेल."

"छे!"

"नाही, म्हणजे तुम्ही तंबूत राहता. एवढी मोठी वस्तू, अडचण होत असेल."

"बाहेरच असते की. कॉफी घ्या."

"नको, नको."

"घ्या हो."

"उगाच तुम्हाला त्रास."

त्याने किटली उचलून ठेवून दिली. मी हवामानाबद्दल बोललो. मग डिझेलबद्दल. त्याची अंडी खाऊन झाली. शेवटी दोन्ही मुठी आवळून बोललो, "मला ती परत हवी आहे." आयुष्यात कोणाकडे असं तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. आता तो चिडेल, नेल्डा रडेल, काहीतरी होईल असं वाटलं.

"मग तसं सांगा ना!" रॉइस म्हणाला. "पाऊण तास झाला, मला वाटलं तुमच्या घरी कोणी आजारी आहे." आणि लगेच उठून दोर सोडायला लागला. नंतर मी आपणहून कॉफी मागून घेतली.

आर्डिस परत आली तेव्हा पिवळी कयाक कॅम्परच्या दाराशी होती. ती थांबली. जाकीट पायरीवर होतं, तेही तिला दिसलं. मी म्हटलं, "उद्या सकाळी." आणि जाकीट उचलून अंगाला लावून दाखवलं.

"बॅग भरून ठेवलेली राहू दे," ती म्हणाली. "बस अकराला आहे."

१३ जून

सकाळी नऊ वाजता आम्ही काठावर होतो. घडीच्या खुर्च्या आज सकाळीच लागल्या होत्या, नेल्डाने सांगितलं असणार. मी जाकीट घातलं. कयाकचं नाक पाण्यात होतं, शेपूट वाळूवर. मी पुढच्या जागेशी उभा राहिलो आणि गुडघ्याबद्दल काहीतरी बोलणार होतो. वाऱ्याबद्दलही. वारा अजिबात नव्हता.

म्हटलं, "आर्डिस, मला पाण्याची भीती वाटते."

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. या वहीलासुद्धा नाही, आता मागे चाळून बघितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. माझ्या बाबांनी बोटीतून चल म्हटलं तर तू ती बोट रंगवायला काढलीस. रंग वाळेपर्यंत सुट्टी संपली."

"एक्केचाळीस वर्षं बोलली नाहीस?"

"तू पण नाही बोललास."

"मग ही नव्वद पौंडांची धोंड तरी कशाला घेतलीस? हलक्या नव्हत्या का दुकानात?"

"होत्या. सुंदर होत्या. मी दुकानदाराला म्हटलं, माझा नवरा घाबरतो, जी उलटतच नाही अशी दे. तो म्हणाला, ही एकच आहे, पण हिला नेताना जीव निघेल."

पंपावरचा तडा, रेल्वेपूल, भिजलेली गादी, अंगठा. बाराशे मैल मी जिच्या रुंदीला शिव्या घालत आलो, ती सगळी रुंदी माझ्यासाठी होती. डोळे भरून आले आणि ते लपवायला मी झटक्यात आत बसलो. बसल्यावर लक्षात आलं की बसलो आहे.

आर्डिसने मागून ढकललं आणि उडी मारून बसली. पुढच्या माणसाने वल्ह्याचा ताल धरायचा असतो म्हणे. माझ्याकडून ते झालं नाही. दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरल्या होत्या आणि त्या सोडायचा माझा विचार नव्हता. तिने एकटीनेच वल्हवलं. खुर्च्यांवरून टाळ्या ऐकू आल्या, त्यांत रॉइसची शिट्टी.

अर्ध्या तासानंतर मी श्वास घेतला. पाणी हिरवं होतं, तळाचे गोटे दिसत होते. मग तळ दिसेनासा झाला आणि मी डोंगराकडे बघितलं. "बरं चाललंय का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही. पण परत फिरू नकोस." मागून आवाज आला. हसत होती की काय, ते कळलं नाही. वळून बघायची सोय नव्हती.

खूप वेळाने म्हटलं, "घराचं काय करायचं मग?"

"ते चार जुलैला. आत्ता पुढे बघ."

"आणि टोमॅटो?"

"जेनेलला पाण्याची झारी धरता येते."

पलीकडच्या काठावरून महामार्ग जातो. अकरा वाजून काही मिनिटांनी त्यावरून बस जाताना दिसली, रुपेरी, पूर्वेकडे. आर्डिसने निरोप द्यायला वल्हं उंच केलं असावं, कारण माझ्या मानेवर गार पाणी ठिबकलं. मी हात केला नाही. माझे दोन्ही हात गुंतले होते.